कोरड्या गाडीचा वास

माणसाचं नाव आईबाप ठेवतात आणि टोपणनाव गल्ली ठेवते. टिकतं ते गल्लीचं. या मिस्त्रींना सगळे नाकमिस्त्री म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, आदर जास्त होता. नाक तसं साधंच. जरासं डावीकडे कललेलं, टोकावर ग्रीसचा कायमचा ठिपका. पण जुनी मोटारसायकल दुकानाच्या पायरीला लागली की मिस्त्री आधी हात पुसायचे, मग गुडघ्यांवर बसून इंजिनाशी तोंड न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तोटीखालचा वायसर गेलाय." किंवा, "फ्लोटच्या वाटीचं झाकण. उजवा स्क्रू." उघडून बघावं तर नेमकं तेच. लोक नवे मिस्त्री सोडून यांच्याकडे येत ते या नाकासाठी.

स्वभाव मात्र तिखट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी म्हणालं, "मिस्त्री, थोडंसंच गळतंय हो," की यांचा पारा चढायचा. "थोडंसंच? थोडंसंच जळालेला माणूस पाहिलाय का कधी?" जुन्या गाड्यांत कार्बोरेटरच्या बरोब्बर खाली ठिणगी पाडणारा मॅग्नेटो असतो. वरून पेट्रोलचा थेंब पडायचा आणि खाली ठिणगी तयारच. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक गळकी गाडी चालवतात, याचा मिस्त्रींना मनापासून संताप यायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, खिडकीखाली छोटं लेथ मशीन, मधे तेल मुरून काळं पडलेलं बाक. मागच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र. ती गाड्यांच्या गाद्या आणि आच्छादनं शिवायची. दोन खोल्यांमधलं दार कुणी कधी लावलेलं नव्हतं, त्यामुळे इकडची ठोकठोक तिकडे आणि तिकडची खडखड इकडे, असा संसार तीस वर्षं चालला होता.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींना ताप आला. आठ दिवस अंथरुणातून उठवेना. नवव्या दिवशी तोंड धुऊन बसले, बायकोने चहा दिला. चहा गरम होता, गोड होता, पण त्याला वास नव्हता.

"पावडर बदललीस का गं?"

"नाही. का हो?"

मिस्त्री उठले. दुकानात गेले, पेट्रोलचा डबा उघडला आणि त्यात जवळजवळ तोंडच घातलं. डोळे चुरचुरले, घशाशी झोंबलं, पण वास नाही. डबाभर पाणी असावं तसं. त्यांनी झाकण लावलं, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. आणि मिस्त्रींनी ही गोष्ट डॉक्टरखेरीज कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगणार काय? नाकमिस्त्रीचं नाक गेलं? गल्ली आठ दिवस हसली असती आणि नवव्या दिवशी गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं असतं. मग त्यांनी युक्त्या काढल्या. जोडांवर खडूची भुकटी लावायची. पेट्रोल झिरपलं तर ती काळवंडते. बायको चहा घेऊन आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिने नाक मुरडलं तर समजायचं कुठेतरी गळतंय. आणि दुकानात एक बोका होता, रंगाने मळका, स्वभावाने सरकारी. गळक्या गाडीच्या तो वाऱ्यालाही उभा राहत नसे, कोरड्या गाडीवर मात्र पाय पसरून झोपायचा. मिस्त्री डोळे मिटून हुंगल्याचं सोंग करायचे आणि किलकिल्या डोळ्याने बोका कुठे बसलाय ते बघायचे. तीन वर्षं या बोक्याच्या नाकावर दुकान चाललं.

एकदा शेगडीवरचं दूध करपून कोळसा झालं. शेजारीण धावत आली, तर मिस्त्री तिथेच तीन हात अंतरावर बसून स्क्रू निवडत होते. "लक्षच नव्हतं माझं," म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पातेलं घासायला नेलं. एकटे असले की मिस्त्री धुतलेल्या चादरीत तोंड खुपसून बसायचे. काहीतरी येईल या आशेने. मग रडू यायचं, आणि एवढा बाप्या माणूस चादरीत तोंड घालून रडतो याची लाजही वाटायची.

आता बाइंडरची गोष्ट. बाइंडर म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारा. अबोल, नाकासमोर चालणारा, बोटांना कायम खळ लागलेली. त्याच्याकडे वडिलांच्या काळातली मोटारसायकल होती आणि तिला जोडलेली साइडकार. साइडकारमध्ये त्याची थोरली बहीण बसायची. तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. ती इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत कामाला. भाऊ रोज सकाळी तिला उचलून आत बसवायचा, मांडीवर लोकरीची शाल घालायचा, बाहेरून कडी लावायचा आणि साडेआठच्या ठोक्याला दुकानावरून जायचा. तिला सगळे ताई म्हणत. भाऊ जेवढा मुका तेवढी ही बोलकी. चौकशीच्या खिडकीत बसून बसून तिला कुणालाही दोन वाक्यांत गप्प करता यायचं.

बाइंडरला पाण्याचं वावडं. पाण्याने पुस्तकं जातात, म्हणून तो पाण्याला जन्माचा वैरी समजायचा. गाडीसुद्धा कोरड्या फडक्याने पुसायची. आभाळ भरलेलं दिसलं की गाडी शेडमध्ये आणि ताई टॅक्सीने.

तर एके दुपारी बाइंडर क्लचची तार बदलायला गाडी घेऊन आला. मिस्त्री सवयीने गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले, हुंगल्याचं सोंग केलं आणि वास आला. पेट्रोलचा. तीन वर्षांनी.

त्यांच्या अंगावर काटा आला. बाइंडरला तिथेच टाकून ते मागच्या खोलीत पळाले, कांदा उचलून हुंगला, साबणाची वडी हुंगली, बायकोच्या पदराला नाक लावलं.

"अहो, दिवसाढवळ्या काय हे!" बायको म्हणाली.

काहीच वास येत नव्हता. ना कांद्याचा, ना साबणाचा, ना तिचा. मिस्त्री परत गाडीपाशी आले आणि वास तिथे होता. उग्र, ताजा. त्यांनी जोडाजोडाला खडू लावला. अर्धा तास थांबले. खडू पांढराशुभ्र. बायकोला बोलावलं.

"पेट्रोलचा वास येतोय का?"

"नाही हो."

बोका आला, गाडीला एक फेरी घातली, इंजिनाला अंग घासलं आणि कार्बोरेटरच्या बरोब्बर खाली, मॅग्नेटोवर हनुवटी टेकून झोपला. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. गाडी कोरडी होती. बोका खोटं बोलत नाही. मग हा वास कसला? बाइंडर तार बदलून घेऊन गेला आणि गाडी कोपऱ्यावरून वळली तसा वासही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पायरी झाडत होते. साडेआठला काही मिनिटं कमी. रस्ता रिकामा. आणि वास आला. गाडीचा आवाज अजून कुठेच नव्हता. वास आधी आला, मग लांबून फटफट ऐकू आली, मग बाइंडर दिसला, ताईने हात केला आणि गाडी गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी वास आणखी लवकर आला, आणि तो उडून जात नव्हता. गाडी गेल्यावरही पायरीवर थांबला, कुणी न बोलता शेजारी उभं राहावं तसा. मिस्त्रींचं जेवणावरून लक्ष उडालं. मनात यायचं, डोकं फिरलं आपलं. तेवढं असतं तर बरंच होतं.

सहाव्या सकाळी वास आला तो एकटा नव्हता. त्यात दुसरा मिसळलेला होता. मिस्त्रींनी तो लहानपणी एकदाच घेतला होता, आईची शाल निखाऱ्यावर पडली होती तेव्हा. जळत्या लोकरीचा.

त्यांच्या हातून झाडू गळून पडला. ताईच्या मांडीवरची शाल, बाहेरून लावलेली कडी आणि खालचा मॅग्नेटो, तिन्ही एकदम डोळ्यांपुढे आली. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बाइंडरने कच्चकन ब्रेक दाबला.

"मिस्त्री! जीव द्यायचाय का?"

"गाडी बंद करा. पेट्रोल गळतंय."

बाइंडर उतरला, वाकला, हुंगलं, बोट फिरवलं. बोट कोरडं. "कुठे गळतंय?"

"खडू लावून बघू."

लावला. पांढरा तो पांढराच. बायको दारात येऊन उभी राहिली. वास इतका दाटला होता की मिस्त्रींना धड श्वास घेता येईना, आणि बाकीची तिघं सकाळच्या हवेत खुशाल उभी.

"मिस्त्री," ताई म्हणाली, "तुमचं नाक म्हातारं झालं. माझी आज कामावर शेवटची सकाळ नाही म्हणून बरं. ती उद्या आहे."

"म्हणजे?"

"उद्या निवृत्त होतेय मी. फोटोबिटो काढणार आहेत, गाडीसकट. याला म्हटलं, इतकी वर्षं नुसता पुसतोयस, आज दुपारी एकदा पाण्याने धू."

"परवा आणतो गाडी तुमच्याकडे," बाइंडर म्हणाला आणि किक मारायला पाय उचलला.

मिस्त्रींनी हँडल धरलं. आता नुसतं 'उघडून बघतो' म्हणून भागणार नव्हतं. कोरडी गाडी का उघडायची, याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तीन वर्षं घशात अडकून होतं.

"ऐका," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "मला वास येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं. तेव्हापासून मी बोका कुठे बसतो ते बघून तुम्हा सगळ्यांपुढे नाटक करतोय. कांद्याचा येत नाही, पेट्रोलच्या डब्याचा येत नाही. फक्त तुमच्या गाडीचा येतो. आणि आज तुमच्या शालीचा येतोय, ताई. जळाल्याचा."

बाइंडरने बहिणीकडे पाहिलं. ताईने मांडीवरची शाल बोटांनी चाचपली, काढली, घडी केली आणि रस्त्याच्या कडेला ठेवायला भावाच्या हातात दिली.

"उघडा," ती म्हणाली.

ताईला दुकानात खुर्चीवर बसवलं. मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला. कार्बोरेटरचं अंग ओतीव जस्ताचं असतं आणि त्यात पितळेची बोटाएवढी नळी ठोकून घट्ट बसवलेली असते. टाकीतून येणारं पेट्रोल तिच्यातून आत शिरतं. मिस्त्रींनी नळी पक्कडीने हलवून पाहिली. दगडासारखी घट्ट. त्यांनी पातेल्यात कढत पाणी घेतलं आणि कार्बोरेटर त्यात सोडला. गरम पाण्यात जस्त फुगतं आणि नळी सैल होते, म्हणून ही जुनी रीत. तरीही मग पक्कडीने जोर लावावाच लागतो.

इथे लागला नाही. दोन-तीन मिनिटं झाली असतील, पाण्यात टिंग आवाज झाला. नळी आपली आपणच सुटून तळाला पडली होती. तिच्याभोवतीचं पाणी दुधाळ झालं आणि वर फेसाची बारीक कड आली.

"हे काय?" बाइंडरने विचारलं.

मिस्त्रींना ते बघताक्षणी कळलं, कारण ते त्यांच्याच हातचं होतं. अंगात सैल झालेली नळी तात्पुरती बसवायची तर मिस्त्री लोक साबण भरतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एक रात्र तसंच ठेवून बैठक बघायची, आणि दुसऱ्या दिवशी साबण खरवडून नवी नळी ठोकायची. तापाच्या आदल्या दिवशी त्यांनी यात साबण भरला होता. दुसरा दिवस उजाडलाच नाही. नवव्या दिवशी उठले तेव्हा कार्बोरेटर ताटात कोरडा पडलेला दिसला. नाकाशी नेला, वास नाही. वास नाही म्हणजे काम झालेलं. मग गाडीवर चढवून दिला. तापाने डोक्यातून साबण पुसला होता आणि नाकातून पेट्रोल.

"पेट्रोलने हा जन्मात सुटला नसता," मिस्त्री म्हणाले. "पाण्याने सुटला. तुम्ही आज दुपारी धुतली असतीत, तर उद्या सकाळी नळी रस्त्यात निखळली असती. सगळं पेट्रोल मॅग्नेटोवर."

बाइंडर कधी ओरडला नव्हता, तो ओरडला. "तीन वर्षं! तीन वर्षं मी हिला बाहेरून कडी लावून या साबणावर बसवतोय! आणि तुम्ही मांजराकडे बघून गाड्या देताय?" मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले.

ताई पातेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. "मिस्त्री," ती म्हणाली, "नळी बसवा. पण त्याआधी ती कडी आतून उघडेल अशी करा."

त्यांनी आधी कडी केली. मग लेथवर पितळेचा तुकडा लावला आणि नळी भोकापेक्षा केसभर जाड कातली. तिच्या बुडावर बारीक रेघा पाडल्या, कार्बोरेटर पुन्हा कढत पाण्यात तापवला, कोरडा केला आणि लाकडी हातोडीने नळी ठोकली. एक, दोन, तीन. तिसऱ्या ठोक्याला ती तळाला बसली आणि त्याच क्षणी वास गेला. कुणी मागून दार लावून घ्यावं तसा. मिस्त्रींनी नवी नळी नाकाला लावली. काही नाही. पेट्रोल भरलं, खडू लावला, वरून तांब्याने पाणी ओतलं. कुठे टिपूसही नाही. भावंडं गेली. मिस्त्रींना सुटल्यासारखं वाटलं, आणि पोरकंही वाटलं. जगात एकच वास उरला होता, तोही गेला.

मागे बायको उभी होती. "मला दुधाच्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. चुकलंच माझं." मग जरा वेळाने म्हणाली, "अहो, त्या ताटात तीन कार्बोरेटर होते."

तीन होते. दुसरा न्हाव्याचा. त्याची गाडी दोन वर्षं पोत्याखाली उभी होती. मिस्त्रींनी न्हाव्यापुढे सगळं कबूल केलं, कार्बोरेटर उघडला, आत साबण निघाला, नीट केला. तिसरा एका परक्या माणसाचा. तापाच्या सुमारास कामासाठी गावात दहा-पंधरा दिवस आलेला, निळ्या टाकीची गाडी, मोठ्याने हसणारा. नाव विचारलं नव्हतं. बायकोकडून त्याने मागच्या सीटवर मऊ गादी शिवून घेतली होती.

"कुणासाठी म्हणून विचारलं मी," बायको म्हणाली, "तर नुसता हसला."

त्यानंतर दहाव्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वास आला. पेट्रोलचा. पायरीपर्यंत आला, थांबला, गेला. मिस्त्री वाट बघत राहिले. मागोमाग कुठलीच गाडी आली नाही.

तेव्हापासून रोज. कधी फिका, कधी छाती भरून टाकणारा. नवरा-बायकोने आसपासच्या सगळ्या पेट्रोलपंपांवर कागद चिकटवले: निळ्या टाकीची जुनी गाडी, मागे शिवलेली गादी, पाणी लावू नका, नाकमिस्त्रीकडे या. चूक माझी आहे, असंही लिहिलं. मिस्त्री मोठ्या रस्त्यावर खडू घेऊन उभे राहायचे आणि दिसेल ती जुनी गाडी थांबवायचे. काही जण थांबायचे, काही शिव्या देऊन जायचे. दुकान रोडावलं. लोक म्हणायचे, मिस्त्रीला लागलंय काहीतरी. आभाळ आलं की ते घरात बसू शकत नसत. पावसात, छत्रीशिवाय, रस्त्यावर तोंड वर करून उभे, आणि दर श्वासाला एकच भीती, की आता त्यात दुसरा वास मिसळेल. गादीतल्या कापसाचा. किंवा आणखी कशाचा.

चौदा महिने असे गेले. दुसरा वास मिसळला नाही.

आणि मग एका दुपारी पेट्रोलचाही आला नाही. मिस्त्री पायरीवर दिवे लागेपर्यंत बसून होते. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही.

"सापडला असेल कुणी चांगला मिस्त्री त्यांना," बायको म्हणाली. "बसवली असेल नीट नळी. बाइंडरच्या वेळी नाही का, तिसऱ्या ठोक्याला गेला."

"असेल."

"मधे कधी जळल्याचा आला नाही ना?"

"जागा असताना नाही," मिस्त्री म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. ज्या वासाने चौदा महिने झोप उडवली तो परत यावा, म्हणून ते देवाची विनवणी करत होते. तो येत होता तोवर त्या गादीवर कुणीतरी जिवंत बसलेलं होतं.